ना कमी, ना बरोबर

हाउसिंग सोसायटीचा खजिनदार व्हायला दोनच गोष्टी लागतात. घरात कॉम्प्युटर असावा लागतो, आणि ज्या सभेत निवड होते तिला आपण गैरहजर असावं लागतं. माझं दोन्ही जमलं होतं.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, नोटीस पुरे चौदा दिवस आधी लावायची, म्हणजे खजिनदाराची सुगी ऐन गणपतीत. २०२४ साली गणपती बसले ७ सप्टेंबरला आणि सभा ठरली रविवारी २९ तारखेला. ६ तारखेच्या रात्री मी थकबाकीचा तक्ता मिटवला आणि मशीन बंद करायला गेलो, तर पर्याय समोर आला, 'अपडेट करा आणि बंद करा'. घरात आरास चालू होती, हाताला डिंक होता, विचार करायला वेळ नव्हता. दाबलं.

दुसऱ्या दिवशी प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, मोदक झाले. संध्याकाळी तक्ता उघडला. सिंकिंग फंडापर्यंत पोचलो आणि पडदा निळाशार झाला. वर एक रडका चेहरा, खाली 'तुमच्या पीसीला अडचण आली आहे'. काही बरं चाललं की सगळं मायक्रोसॉफ्टचं असतं. अडचण आली की पीसी तुमचा. (२०२५ पासून हा पडदा काळा केला आहे. सुतकच पाळायचं तर रंग तरी रीतीचा हवा.) तळाशी कोड होता : 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल'. ना कमी, ना बरोबर. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्यावरून मुलाकडचे बोलतात तसं वाटलं.

पुन्हा सुरू केलं. वीस मिनिटं चाललं. मग 'मेमरी मॅनेजमेंट'. माझ्या स्मरणशक्तीच्या व्यवस्थापनाबद्दल घरात पूर्वीही बोललं गेलं आहे, पण निळ्या पार्श्वभूमीवर नाही.

बातमी जिन्याने वर गेली. वीज मंडळातून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका एरवी कशालाही 'अर्थिंग तपासा' म्हणतात. अगदी मसाल्याचा डबा उघडत नसला तरी. या वेळी मात्र ते दारातूनच म्हणाले, "अपडेट केलंत ना? संपलं!" १९ जुलैला एका कॉम्प्युटर-सुरक्षा कंपनीच्या चुकलेल्या अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख मशिनं एका दिवसात आडवी झाली होती आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले होते. काकांना ते सगळं पाठ होतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. आजार यायचाच तर असा, जगभर गाजलेला यावा.

हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावला. "मामा, सेफ मोडमध्ये जा." पूर्वी एफ-एट बडवलं की जाता यायचं. आता म्हणे मशीन सुरू होता होता दोन-तीनदा मध्येच बंद पाडायचं, मग ते स्वतःहून विचारतं काय होतंय. थोडक्यात, त्याच्याशी कोणी बोलावं म्हणून त्याला आधी छळायचं. तिथे काळी खिडकी उघडून भाच्याने विंडोजच्या फायली तपासायची कमांड सांगायला सुरुवात केली. "एस-एफ-सी, स्पेस." मी एस-पी-ए-सी-ई टाइप केलं. "मामा, स्पेस म्हणजे जागा सोड." पंधरा मिनिटं टक्केवारी वर चढत होती आणि शेजारच्या खोलीत 'घालीन लोटांगण' चाललं होतं. शेवटी निकाल लागला. सचोटीचा भंग कुठेही आढळला नाही. असं प्रशस्तिपत्र आमच्या ऑडिटरने सोसायटीला आजवर दिलेलं नाही.

तेवढ्यात 'पेज फॉल्ट' नावाचा तिसरा कोड आला.

नोटीस मी वेळेत लावली. 'ताळेबंद सोबत जोडला आहे' असं तिच्यात होतं. सोबत टाचणी होती. भाचा रोज म्हणत होता, जुन्या आवृत्तीवर परत जा, सेटिंगमध्ये बटण आहे. पण मोदक, पाहुणे, अथर्वशीर्ष. १७ तारखेला विसर्जन करून आलो, रिकाम्या मखरासमोर जरा बसलो आणि म्हटलं, आज जातोच परत. बटण फिकट पडलं होतं. परतीची सोय अपडेटनंतर दहाच दिवस असते. बाप्पांचाही मुक्काम साधारण तेवढाच, पण ते निदान पुढच्या वर्षी येतात.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या दुकानातला पोरगा आला. बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाला, "फॉरमॅट मारायला लागेल." ही त्या धंद्यातली नमस्कार म्हणायची रीत असावी. मी फोनवर काढलेले निळ्या पडद्यांचे फोटो त्याला दाखवले. त्याने ते लग्नाच्या अल्बमसारखे पुढे-मागे चाळले आणि थबकला.

"दर वेळी कोड वेगळा?"

"रोज नवा."

"अपडेटची भानगड असती तर बहुतेक वेळा एकच आला असता. रॅम बघू, मशीनची मेमरी. खोडरबर आहे का?"

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याने सीपीयू उघडला, मूठभर धूळ काढली, रॅमची पट्टी उपसली आणि तिचे सोनेरी दात मुलीच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने घासघासून पुसले. परत बसवताना टक् असा आवाज आला.

"एका बाजूने उठली होती. मशीन हलवलं होतंत का?"

मखर बसवायला टेबल हवं होतं. ६ तारखेच्या रात्री, अपडेट संपल्यावर, एका हातात दिव्यांची माळ आणि दुसऱ्या हाताने तो डबा ओढत मी चपलांच्या कपाटापाशी नेला होता. उंबऱ्यावरून जाताना तो आपटलाही होता. मी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे पाहत होती.

"नाही बुवा," मी म्हणालो.

त्याने तीनशे रुपये घेतले आणि खोडरबर परत दिलं. तेव्हापासून मशीन एकदाही पडलेलं नाही.

सभेत ताळेबंद वाचला. जमेची बाजू ३४० रुपयांनी जास्त निघाली. ना कमी, ना बरोबर. मागून कोणीतरी विचारलं, हे कसं काय? मी तोंड उघडायच्या आत तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले. "अहो, त्यांच्या मशीनला अपडेट आलं होतं!" सभागृहात सहानुभूतीची कुजबुज झाली. इतिवृत्तात ठराव असा आहे : अपडेटमुळे झालेल्या फरकाची सभेने नोंद घेतली. पुढच्या वर्षीही खजिनदार म्हणून मलाच ठेवावं. एकमताने मंजूर.

या वेळी मी हजर होतो.