‘50 हजारात घरच्या घरी जुनी पेट्रोल कार इलेक्ट्रिक करा’ म्हणणाऱ्या मेसेजचा एकेक दावा तपासूया

परत तोच मेसेज फिरतोय. जुन्या मारुती 800 चं इंजिन काढा, ई-रिक्षाची मोटर लावा, डिकीत इन्व्हर्टरच्या 4 बॅटऱ्या ठेवा, 50 हजारात काम होतं, एका चार्जला 200 किमी, चालता चालता अल्टरनेटरने (गाडीतल्या वीज बनवणाऱ्या जनरेटरने) परत चार्ज होते आणि पोल्युशनच नाही म्हणून आरटीओ काही विचारत नाही. खाली शंभर लोक ‘किट कुठे मिळेल’ विचारतायत, म्हणून सविस्तर लिहितोय. जुनी गाडी इलेक्ट्रिक करता येते आणि ती कल्पना मला मनापासून आवडते, म्हणूनच या मेसेजचा राग येतो.

आधी 200 किमी. इन्व्हर्टरची बॅटरी 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-तास), दोन्हींचा गुणाकार म्हणजे 1.8 युनिट. चार मिळून 7.2 युनिट. छोटी कार शहरात 1 युनिटमध्ये साधारण 8 ते 10 किमी जाते. म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत पिळल्या तरी कागदावर 60-70 किमी, 200 कुठून आले? आणि ते 60-70 सुद्धा मिळत नाहीत, कारण बॅटरीवर छापलेले 150 एएच हे 20 तासात हळूहळू वापरली तर मिळतात. तासाभरात ओढलं की ती निम्म्यावर येते आणि लेड अ‍ॅसिड रोज तळापर्यंत उतरवली तर काही महिन्यांत कामातून जाते. खरा हिशोब 30-35 किमी. 200 हव्याच असतील तर अशा बावीस-चोवीस बॅटऱ्या लागतील, एकेक 55-60 किलोची, म्हणजे 650 किलोच्या मारुतीत तिच्या दुप्पट वजनाच्या बॅटऱ्या. 2001 साली बंगळुरात आलेली रेवा लेड अ‍ॅसिडवरच होती, मुळापासून इलेक्ट्रिक म्हणून डिझाईन केलेली, तिचीसुद्धा कंपनीने सांगितलेली रेंज 80 किमी होती.

बरं, चारच ठेवल्या तरी सव्वादोनशे किलो डिकीत, म्हणजे मागे कायमची तीन-चार माणसं बसल्यासारखं. पुढचं इंजिन गेल्यामुळे नाक हलकं, मागच्या स्प्रिंगा बसलेल्या. शिवाय हॅचबॅकची डिकी आणि केबिन यांच्यात भिंत नसते, चार्ज होताना या बॅटऱ्या हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सोडतात तो तुमच्या सीटपर्यंत येतो. हे मेसेज लिहिणाऱ्याला सुचलंच नसेल.

मोटर. ई-रिक्षाची मोटर साधारण 1 ते 2 किलोवॅटची, ते वाहनच ताशी 25 किमीच्या आत चालवायला बनवलंय. माणसं धरून 1000 किलोची गाडी 10 मीटरला 1 मीटर अशा चढावर ताशी 20 ने न्यायची तर साडेपाच किलोवॅट फक्त चढायलाच लागतात. कात्रजच्या जुन्या घाटात सोडा, मोठ्या फ्लायओव्हरच्या चढावरच मागचे हॉर्न वाजवायला लागतील आणि मोटरला करंट देणारा कंट्रोलर तापून बंद पडेल.

अल्टरनेटरवर जास्त लिहीत नाही. तो फिरवायला ताकद मोटरच देणार, मोटरला बॅटरी देणार, मधे दोन्हीकडे काही ना काही वाया जाणार, म्हणजे रेंज वाढत नाही, कमीच होते. ब्रेक मारताना मोटरच जनरेटर होते ती गोष्ट वेगळी आणि खरी, पण ती ब्रेकमध्ये वाया जाणारी थोडी ऊर्जा परत देते, बस.

आता ज्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही ते, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. ब्रेक. बहुतेक गाड्यांत ब्रेक बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम पेट्रोल इंजिन देतं. आत्ता पार्किंगमध्ये जाऊन बघा, इंजिन बंद ठेवून पेडल तीन-चार वेळा दाबा, कडक होतं, आत जात नाही. इंजिन काढल्यावर गाडी कायम याच अवस्थेत, वर वजन वाढलेलं. त्याला वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप, टाकी आणि स्विच लागतो. त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

दुसरं फ्यूज. या मेसेजसोबतच्या व्हिडिओत घरातली साधी एमसीबी लावलेली दिसते. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तिच्यातली ठिणगी विझते, डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी तशीच जळत राहते. डीसीसाठीचाच फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (मोठा करंट तोडणारा स्विच) पाहिजे, लिथियम बॅटरी घेतली तर बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, पाहिजेच.

आरटीओ. इंजिन काढलं म्हणजे आरसीवरचा इंजिन नंबरच गाडीत राहिला नाही, मग ती गाडी कागदावर कुठली? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मान्यता असलेलं किट आणि नोंदणीत बदल, दोन्ही लागतं. परवानगीशिवाय बदल केला तर 182अ खाली मालकाला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 दंड, किंवा दोन्ही. पीयूसी लागत नाही हे खरं, पण आरसीवर इंधन ‘इलेक्ट्रिक’ झाल्यावर. आणि न कळवता बदललेल्या गाडीने कोणाला उडवलं तर इन्शुरन्सवाले क्लेमवर वाद घालू शकतात.

50 हजार तर चार बॅटऱ्यांतच संपतात. मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सला जोडायची अ‍ॅडॉप्टर प्लेट लेथवर करून घ्यावी लागते, ती जरा जरी तिरकी बसली तर बेअरिंग खाते. कंट्रोलर, चार्जर, वायरिंग वेगळंच. मान्यताप्राप्त किट, फिटिंगसकट, लाखांत जातं.

खरंच करायचंच असेल तर अ‍ॅडव्हान्स देण्याआधी किटवाल्याकडे एआरएआय किंवा आयकॅटसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट मागा आणि त्यावर तुमच्या गाडीचं मॉडेल आहे का ते स्वतः वाचा. त्याच्याही आधी गाडी लिफ्टवर चढवून फ्लोअर आणि सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून गंज बघा, कोकणातली गाडी असेल तर नक्कीच. पत्रा आत गेला तर त्या गाडीवर पैसे घालू नका.