पावणं, जरा टॉर्च धरा

"मालकांना विचारून या."

काल कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका नळसामानाच्या दुकानात काउंटरवरच्या पोरानं मला हे सुनावलं. वय अठरा-एकोणीस, कानावर पेन्सिल, डोळे मोबाइलमध्ये. समोर मी, वय ५३. घरफाळा माझ्या नावावर, पाणीपट्टी माझ्या नावावर, प्रॉपर्टी कार्डावर नाव माझं. मी फक्त 'पाऊण इंची दोन एल्बो दे' म्हणालो होतो, एल्बो म्हणजे पाइप वळवायचा कोपऱ्याचा तुकडा. तो म्हणाला, "कुठला पाऊण?" मला सांगता येईना. तेव्हा त्यानं वरचं वाक्य टाकलं. त्याच्यावर राग नाही. राग याचा, की मी "बरं" म्हणालो, गाडीला किक मारली आणि खरंच मालकांना विचारायला घरी आलो. मालक आमच्या बोळात खुर्ची टाकून बशीतून चहा पीत होते. चहा माझ्या घरचा.

मालक म्हणजे आप्पा, आमचे शेजारी. पण आधी पाइपाचं उरकून घेतो.

आमचं घर शिवाजी पेठेत. खाली सोपा, वर माडी, मागं परडं होतं तिथं आता न्हाणी. वडिलांनी १९९६ साली गंजलेले लोखंडी पाइप काढून करडे प्लॅस्टिकचे घातले आणि ते पश्चिमेच्या भिंतीवरून उघडेच उतरवले. पुढं आम्ही गच्चीवर सोलर बसवला आणि त्याचं पाणी त्याच पाइपात सोडलं, कारण पाइप तयार होता. हे करडं प्लॅस्टिक म्हणजे साधा पीव्हीसी, तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि मे महिन्यात सोलरचं पाणी त्याच्या वर जातं, हे मला आत्ता कळलं. पाइपाला तेव्हाच कळलं होतं. दोन क्लिपांच्या मधे तो दोरीवरच्या ओल्या धोतरासारखा झोळ देऊन पडलेला असायचा. वरून उन्हानं इतका ठिसूळ झाला होता, की गेल्या मंगळवारी बायकोनं न्हाणीतल्या नळाची चावी जरा जोरात फिरवली, तर चावी, एल्बो आणि वीतभर पाइप असं सगळं एकदम तिच्या हातात आलं.

"मी जातो माहेराला," ती म्हणाली. तिचं माहेर रंकाळ्याच्या पलीकडं, पंधरा मिनिटांवर. तिथं पाणी असतं. ती गेली, पोरीलाही घेऊन गेली. अंघोळीला मी रोज तिकडंच जातो, त्यामुळे भेट होते.

ओळखीतून प्लंबर आला. तिशीचा पोरगा, अबोल, कामाला वाघ. आल्या आल्या भिंतीकडं बघून म्हणाला, "हे कुणी केलंय?" हा प्रश्न मिस्त्रीलोकांना पहिल्याच दिवशी शिकवत असावेत. नवा न्हावीही मागच्या केसांना हात लावून हेच विचारतो, दाताचा डॉक्टर तर तोंडात आरसा घालून विचारतो, म्हणजे उत्तरही देता येत नाही. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "कुणी का केलं आसंना, तू आता नीट कर."

आप्पा आले होते. स्वतःची घडीची खुर्ची काखेत घेऊन.

आप्पांनी साखर कारखान्यात बॉयलरवर ३४ वर्षं काढली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वाफ अजून पूर्ण गेलेली नाही. जगातली कुठलीही गोष्ट ते प्रेशरमध्ये मोजतात. माझा रक्तदाब कळल्यावर "एवढ्यात तर आमची शिट्टी बी वाजायची न्हाई" म्हणाले होते. त्यांनी बोळात खुर्ची उघडली, तिचे चारही पाय हलवून बघितले, बसले, आणि वर गच्चीकडं बोट करून म्हणाले, "टाकी किती फुटावर?"

"पंधरा," मी म्हणालो.

"म्हंजे धड अर्धा किलो बी प्रेशर न्हाई. आणि तेवढ्यात फुटला? आमचा बॉयलर २१ किलोचा. त्याची लाइन आशी फुटली आसती तर मी आज हितं बसलो नसतो."

हिशेब बरोबर होता. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो, हे मी नंतर तपासलं. आप्पांचा त्रास हाच आहे. माणूस चुकीचं बोलत असता तर उठवता आलं असतं.

नेमका त्या वेळी मी बनियन आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा अशा वेषात, हातात बादली घेऊन उभा होतो. आप्पा स्वच्छ पांढऱ्या शर्टात, खुर्चीत. प्लंबरनं दोघांकडं एकेकदा बघितलं आणि निकाल लावला. "मालक, पाइप कुठला घालू?" त्यानं विचारलं. खुर्चीला विचारलं.

"चांगलाच घाल की," आप्पा म्हणाले. माझ्या पैशानं.

"आणि पावणं," प्लंबर माझ्याकडं वळून म्हणाला, "जरा टॉर्च धरा."

कोल्हापुरात पावणं कुणालाही म्हणतात. रिक्षावाला म्हणतो, भेळवाला म्हणतो, रस्ता विचारणारा तर म्हणतोच. प्रेमाचा शब्द आहे. पण आपल्याच न्हाणीत, आपल्याच फुटक्या फरशीवर उकिडवं बसलेलं असताना तो ऐकून बघा. मी म्हणालो, "अहो, घर माझं आहे." बरोबर त्याच क्षणी त्यानं ग्रायंडर सुरू केला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा विषय काढला, तेव्हा प्लंबरनं आप्पांकडं पाहिलं. आप्पा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ह्यो व्हय? ह्यो आपलाच हाय." झालं. आपलाच. यात भाऊ, भाचा, भाडेकरू, गडी, सगळे बसतात. मालक तेवढा बसत नाही. मी टॉर्च धरला.

तीन दिवस मी टॉर्च धरला आणि फेऱ्या मारल्या. एल्बो, टी, सॉकेट, युनियन, टेफलॉन टेप, एंड कॅप. दर फेरीला एकच वस्तू, कारण दुसरी काय लागणार हे पहिली बसवल्यावरच दिसतं म्हणे. आणि दर फेरीला ते पाऊण इंचाचं लफडं. इंच म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाला एकच इंच कळतो, तो राजाराम बंधाऱ्यावरचा, पुराचं पाणी मोजायचा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५५ फूट ७ इंच. हे पेठेतलं शेंबडं पोरगंही सांगेल. त्या वेळी गावाला पाण्याचा वेढा आणि पाणी उपसणारे पंपच पाण्याखाली, म्हणून नळ कोरडे. चावीखाली कळशी मांडून आम्ही पुराच्या बातम्या बघत होतो. तर इंच आम्हाला असा माहीत. पाइपाचा इंच हे वेगळंच प्रकरण आहे.

पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी रात्री बसलो. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर. परड्यात पडलेला जुना लोखंडी पाऊण बाहेरून मोजला, जवळजवळ २७ भरला. वडिलांचा करडा पाऊण २५. नवा गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाऊण, तो मलई रंगाचा, जेमतेम २२. आतून मोजलं तर कुणी १८, कुणी २१. तीन पाइप, तिघांचंही नाव पाऊण, आणि १९ कुठंच नाही. नव्याचं माप म्हणे तांब्याच्या नळीवरून घेतलेलं. आमच्या घरात तांब्याची वस्तू एकच होती, बंब, आणि तो आम्ही सोलर बसवला तेव्हा मोडीत घातला. काउंटरवरच्या त्या पोराला हे सगळं माहीत होतं. 'कुठला पाऊण' हा त्याचा प्रश्न रास्त होता, हे मला मान्य करावं लागतंय आणि ते मला आवडलेलं नाही.

दरम्यान आप्पांचं चालूच होतं. "काळम्मावाडीच्या धरणापास्नं कोल्हापूरपतोर ५३ किलोमीटर पाइप घाटला, २०२३ च्या दिवाळीला पाणी आलं. आणि ह्याला गच्चीवरनं मोरीत पाणी आणता येईना." प्लंबर हसला. चार दिवसांत तेवढं एकदाच हसला. प्लंबर पाइप कापायचा, चिंधीनं पुसायचा, सोल्युशन लावून आत घालायचा, हलका पीळ द्यायचा आणि दाबून धरायचा. तो धरून असेपर्यंत आप्पा तोंडानं आकडे मोजायचे. तिसऱ्या संध्याकाळी प्लंबर पाणी सोडतो म्हणाला. मी देवाला हात जोडले. आप्पा म्हणाले, "न्हाई. रातभर वाळू दे." प्लंबर म्हणाला, "मालक म्हणत्यात तर उद्या." मी पुन्हा टॉवेल खांद्यावर टाकून सासुरवाडीला. तिथं सासूबाईंनी "अजून?" एवढंच विचारलं, पण ज्या सुरात विचारलं त्याला २१ किलोचा बॉयलर पुरायचा नाही.

फरशीचं तर बोलायलाच नको. भिंत फोडून झिरी मारली, त्यात सात फरश्या गेल्या. तो निळा रंग आता कुठंच मिळत नाही. दुकानदार म्हणतो, सगळ्याच बदला. प्लंबर म्हणतो, फरशीवाला वेगळा. फरशीवाला म्हणतो, आधी गिलावा. गिलावावाला गावी गेलाय. शेवटी मिळाल्या त्या पांढऱ्या आणून ठेवल्यात. न्हाणीच्या भिंतीवर आता वरपासून खालपर्यंत जखमेला लावल्यासारखी पांढरी पट्टी येणार, आणि रोज सकाळी दात घासताना ती मला दिसणार. येणारा-जाणारा सांगतो, जुनं घर पाडा, अपार्टमेंट बांधा. जसं काही अपार्टमेंटच्या पाइपांनी अमृत घेतलंय. आणि पाडा म्हणणाऱ्या एकानंही मला कधी 'अंघोळीला ये' म्हटलं नाही.

ओल माडीवरच्या कपाटापर्यंत गेली होती. ते रिकामं करताना वडिलांची खर्चाची वही सापडली, १९९६ ची. शाईचं पेन, सरळ रेघा. दूध, किराणा, माझी फी. आणि मे महिन्यात एक ओळ: 'नळकाम, प्लॅस्टिक पाइप (आप्पांचे सल्ल्यावरून. लोखंड नको म्हणाले, हा जन्मभर टिकतो) रु. २३४०.'

मी ती ओळ चार वेळा वाचली.

त्याच रात्री टेक्सासहून भाच्याचा फोन. त्याला मामाची व्यथा सांगितली तर तो म्हणाला, मामा, इकडं तर केवढं मोठं प्रकरण झालंय. त्यांच्याकडं १९७८ पासून १९९५ पर्यंत लाखो घरांत पॉलिब्युटिलीनचे पाइप घातले, तेही बहुतेक करडेच. स्वस्त आणि मस्त. पुढं पाण्यातल्या क्लोरीननं ते आतून ठिसूळ होऊन चिरायला लागले, लोक कोर्टात गेले आणि कंपन्यांना ९५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. मी वहीकडं बघितलं. आमच्या पाइपात दोष नव्हता, थंड पाण्याच्या पाइपात गरम पाणी आम्हीच सोडलं. पण 'जन्मभर टिकतो' हे लेखी होतं, आणि सल्लागार बोळात रोज माझा चहा पीत होता.

आज सकाळी पाणी सोडलं. कुठं थेंब नाही. प्लंबरनं हिशेबाची चिठ्ठी आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी चष्मा लावला, ओळ न् ओळ बोटानं वाचली. "मजुरी साडेनऊ हजार? नऊ कर."

"मालक म्हणत्यात तर नऊ."

चिठ्ठी माझ्याकडं आली. "दे त्येला," आप्पा म्हणाले. मी दिले. मी मालक असतो तर साडेनऊच दिले असते, हे मला माहीत आहे. प्लंबर अवजारं आवरून निघाला, जाताना म्हणाला, "येतो मालक. येतो पावणं."

तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मी आत जाऊन वही आणली आणि त्या ओळीवर बोट ठेवून आप्पांच्या मांडीवर उघडी ठेवली. त्यांनी पुन्हा चष्मा लावला. बराच वेळ वाचत होते. ओळ तर एवढीशी होती.

"अक्षर काय हुतं रं तुझ्या बापाचं," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही.

"दोन हजार तीनशे चाळीस!" त्यांनी वही मिटली. "माझ्या वळखीचा मिस्त्री दोन हजारात करून देत हुता. त्येवढं मातुर ऐकलं न्हाई."

वही मला परत दिली, धोतर झटकलं आणि उठले.

"आप्पा, खुर्ची राहिली."

"राहू दे," गच्चीकडं बघत ते म्हणाले. "टाकी बी पाझराय लागलीया तुझी."