‘की लावली तरी स्लोच’ या कमेंटला उत्तर

दादा, डेटाबेसमधून रेकॉर्ड पटकन कसा मागवायचा या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट वाचली. “प्रायमरी कीने रेकॉर्ड मागवा म्हणालात, मागवलं, तरी चार सेकंद लागतात, पुस्तकी सल्ले देऊ नका.” राग मान्य, पण खाली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, टाकलीत ते बरं केलंत, घोळ तिच्यातच आहे.

तुमचा पावती नंबर हा की कॉलम (ज्यावरून प्रत्येक ओळ वेगळी ओळखायची तो) व्हारचार, म्हणजे मजकुराचा, आहे आणि क्वेरीत तुम्ही नुसतं = १०४५२ लिहिलंय, कोट्स नाहीत. मायएसक्यूएल या तुमच्या डेटाबेसला एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे आकडा दिसला की तो दोन्हीचा आकडा करूनच जुळवतो, म्हणजे टेबलातली एकूण एक पावती उचलायची, तिचा आकडा करायचा आणि मग बघायचं. इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायला केलेली क्रमवार यादी, असून नसल्यासारखा, कारण तो लावलाय मजकुराच्या क्रमाने, आणि ‘१०४५२’, ‘०१०४५२’, ‘१०४५२ए’ हे तिन्ही आकडा केल्यावर सारखेच, ते एका जागी थोडेच सापडणार! क्वेरीच्या पुढे एक्सप्लेन लावून बघा, क्वेरी कशी चालणार ते तो सांगतो; टाइपखाली ऑल दिसेल, म्हणजे अख्खं टेबल वाचणार. नंबर सिंगल कोट्समध्ये टाका, तिथेच कॉन्स्ट येईल, म्हणजे फार तर एक ओळ.

आणि स्लोचं सोडा हो, खरी भीती त्या ‘ए’ची. इथे नाशकात दिंडोरी रोडला एका आडत्याचं सॉफ्टवेअर मी केलं होतं, त्यांच्याकडे एकाच शेतकऱ्याचा कांदा दोन गाड्यांनी आला की दुसऱ्या गाडीला त्याच नंबरापुढे ए लावायचे. मी पण कोट्स विसरलो. एका पावतीची पट्टी काढली तर दोन्ही गाड्यांचं वजन एकात, आणि शेतकरी समोर उभा, म्हणतोय दुसऱ्या गाडीचा लिलाव अजून झालाच नाही! वॉर्निंग आली होती म्हणे मागे कुठेतरी, ती बघतो कोण. चहा गार झाला पण कोट्स सापडले.

उलट असेल, म्हणजे कॉलम इंट (आकड्यांचा) आणि नंबर कोट्समध्ये, तर काही बिघडत नाही, तिथे तुमच्या एका नंबराचाच आकडा करायचा असतो. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस तर तुमची क्वेरी चालवणारच नाही, सरळ एरर. मला तेच बरं वाटतं.

पोस्टमध्ये कॉलमच्या टाइपबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, ती चूक माझी, आज रात्री टाकतो. कोट्स लावून एक्सप्लेनचा निकाल इथेच पेस्ट करा, तरी ऑल दिसलं तर टेबलाची रचना दाखवणाऱ्या शो क्रिएट टेबलचं आउटपुट पण टाका.