ऑटोमॅटिक गाडीला क्लच नाही म्हणे! पेडल नाही रे बाबा, प्लेट आहे ना!

दीड महिना झाला. चार मीटरच्या आतली साधी पेट्रोल गाडी घ्यायचीय आणि मॅन्युअल की ऑटोमॅटिक एवढ्यावरच गाडं अडलंय, डोक्याचा नुसता भुगा झालाय.

मुळात ऑटोमॅटिकच्या नादाला का लागलो तर डावा गुडघा. रोज सिंहगड रोड ते हिंजवडी. एकदा वैतागून मोजलं, भूमकर चौकापासून शिवाजी चौकापर्यंत 140 वेळा क्लच दाबला, पुढे मोजायचं सोडून दिलं कारण मागचा हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. घरी आल्यावर जिना चढताना कठडा धरावा लागतो, वय 38.

तर शोरूमला गेलो. तो पोरगा टाय सावरत म्हणतो, "सर ह्या गाडीला क्लचच नाही, लेडीज पण आरामात चालवतात." बायको शेजारी उभी, ती माझ्यापेक्षा दहापट बरी चालवते, तिने असं बघितलं ना त्याच्याकडे! असो. पण क्लच नाही?? अरे ती एएमटी आहे! गिअरबॉक्स तोच मॅन्युअलचा, क्लच प्लेट, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला जोडणारी-सोडणारी चकती, तीच, फक्त तुझ्या पायाऐवजी एक मशीन क्लच दाबतं. पेडल काढलं म्हणजे क्लच गेला का? म्हणून तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी मान डोलावते, नंदीबैलासारखी.

आणि हे मला कसं कळलं, तर मित्राच्या गाडीत. गेल्या पावसाळ्यात जुन्या कात्रज घाटात, पाच माणसं आणि डिकीत सामान, पुढे ट्रक अडकलेला. साहेब ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवरच गाडी चढावर धरून बसले, त्यालाही शोरूमवाल्याने हेच सांगितलेलं ना, क्लच नाही म्हणून. पाच मिनिटांत प्लेट घासून करपल्याचा असा वास सुटला की काच खाली करावी लागली, बाहेर पाऊस. नंतर सर्व्हिस सेंटरवाले काय म्हणाले? "क्लच प्लेट वॉरंटीत येत नाही सर." आता कुठून आली रे प्लेट?

2014 ला मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि स्वस्तात ऑटोमॅटिक मिळायला लागली, चांगलीच गोष्ट आहे, नाही म्हणत नाही, साधारण पन्नासेक हजार जास्त देऊन पाय सुटतो. पण सांगा ना तसं! टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तेल असतं म्हणून ती ट्रॅफिकमध्ये लोण्यासारखी सरकते, सीव्हीटीत गिअरच्या जागी पट्टा नि पुली, जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते, डीसीटीत दोन क्लच, त्यातली ड्राय म्हणजे बिनतेलाच्या क्लचवाली रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये तापते. चार वेगळी जनावरं आणि दावणीला पाटी एकच, ऑटोमॅटिक. वर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी मागितली की शोरूमवाला वरच्याच व्हेरिएंटकडे नेतो, सनरूफसकट. मला गुडघा वाचवायचाय, आकाश नाही बघायचं!

घरी काका. जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी चालवलेला माणूस, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असायचा तिला. "मॅन्युअलमध्ये कंट्रोल असतो रे." काका, दहाच्या स्पीडला कसला कंट्रोल, रिक्षावाला डावीकडून घुसणारच आहे. आणि खरं सांगू, काकांचं मला अर्धं पटतं पण, घाटात स्वतः दुसरा टाकायची मजा वेगळीच, म्हणून तर दीड महिना लागला.

टेस्ट ड्राइव्ह म्हणाल तर रविवारी सकाळी नऊला, मोकळ्या सर्व्हिस रोडवर, जेमतेम दोन किलोमीटर. म्हटलं चांदणी चौकाच्या चढाला नेऊ, तर "सर तिकडे परमिशन नाही." सपाट मोकळ्या रस्त्यावर बैलगाडी पण स्मूथच चालते की!

आज सकाळी परत फोन, "सर फायनल करताय ना, ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे." म्हटलं येतो, सोमवारी संध्याकाळी साडेसहाला, आई, बायको, काका आणि पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं घेऊन, आणि गाडी चढावरच न्यायची. बघून सांगतो म्हणाला, तेव्हापासून फोन नाही.