झेरॉक्स निघते ना?

रविवारी सकाळी आठला बायकोच्या क्लासची दहावीची तीस मुलं भूमितीच्या चाचणीला यायची होती, आणि शनिवारी रात्री पावणेअकराला आमच्या प्रिंटरने जाहीर केलं की पिवळी शाई संपली.

"अरे, हा झेरॉक्स काढत नाहीये," बायको आतून ओरडली.

मी गेलो. प्रश्नपत्रिका काळी-पांढरी. अक्षरं काळी, त्रिकोण काळे, 'सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक' हेही काळंच. पिवळ्याचा कुठे संबंध नव्हता. पण पिवळी भरल्याखेरीज काळीलाही हात लावणार नाही, असा त्या यंत्राचा बाणा. लग्नात मुलीकडचा एक मामा रुसतो आणि दोनशे पानं खोळंबतात, तसं. मी कार्ट्रिज काढली, हलवली, फुंकर मारली, लुंगीला पुसून परत बसवली. यंत्र घुर्रर्र करत मिनिटभर आतल्या आत काहीतरी साफ करत बसलं, आणि त्या साफसफाईत उरलेली निळीही संपल्याचं त्याने कळवलं.

सकाळी सव्वासहाला, भर पावसात, प्लास्टिकच्या पिशवीत ती प्रश्नपत्रिका घालून मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांना उठवलं. काका दुकानाच्या वरच राहतात. ब्रश तोंडात ठेवूनच खाली आले, शटर अर्धं वर केलं आणि "पाठपोट ना?" एवढंच विचारलं. तीस पानं पाठपोट, एकशेवीस रुपये. अपमान मात्र हिशेबात धरलेला नाही.

त्याच दुपारी मी त्या शाईवाल्या प्रिंटरला भंगारवाल्याच्या हवाली केलं. दीडशे रुपये आले. चार हजार दोनशेला घेतलेला प्रिंटर, आणि एका वेळच्या दोन कार्ट्रिजांना एकोणीसशे! एवढ्याशा डबीत चमचाभर शाई. त्यातून मे महिन्यात क्लास बंद, म्हणजे जूनमध्ये उघडावं तर शाई नॉझलमध्ये वाळून बसलेली. टाकीवाले प्रिंटर निघालेत, त्यांचा पानामागचा खर्च पैशांत येतो, हे मला ठाऊक आहे. पण महिनाभर हात लावला नाही तर वाळायचं ते तिथेही वाळतंच. लेझर प्रिंटरमध्ये शाईच नसते. प्लास्टिकची बारीक पूड असते, तिला टोनर म्हणतात. वाळायला आधी ओलं असावं लागतं.

"लेझर घेऊ," मी म्हटलं. "परवडणारा."

"घे," बायको म्हणाली. "झेरॉक्स निघते ना त्यात?"

इथे आमच्या घरचा शब्दकोश सांगायला हवा. आमच्याकडे यंत्रातून बाहेर येणाऱ्या कुठल्याही कागदाला झेरॉक्स म्हणतात. रेल्वेच्या तिकिटाची झेरॉक्स असते, वीजबिलाची असते, आईच्या रक्ताच्या रिपोर्टची तर मोबाईलवरून थेट झेरॉक्स निघते. बँकेतून पासबुक भरून आणलं तरी आई विचारते, "मारलीस का झेरॉक्स?" वीस वर्षांच्या संसारात मी या शब्दाचं मनातल्या मनात भाषांतर करायला शिकलोय. ती झेरॉक्स म्हणाली की मी प्रिंट समजायचं. म्हणून मी बेधडक हो म्हटलं.

मी अभ्यासू माणूस आहे. हा माझा दोष माझ्याआधी घरातल्यांच्या लक्षात आला. लेझर प्रिंटरच्या किमती बघायला बसलो तो रात्री एक वाजता १९३८ सालच्या न्यूयॉर्कमध्ये निघालो. चेस्टर कार्लसन नावाचा एक गृहस्थ, काम पेटंटचं, कागदांच्या नकला करून करून कावलेला, वर संधिवात. २२ ऑक्टोबरला अ‍ॅस्टोरिया भागातल्या एका खोलीत त्याने आणि त्याच्या मदतनिसाने गंधक चढवलेल्या जस्ताच्या पत्र्यावर रुमाल खसाखसा घासला, म्हणजे त्यावर वीज बसली. तारीख आणि 'अ‍ॅस्टोरिया' असं लिहिलेली काच वर ठेवून उजेड दाखवला, मग भुकटी शिंपडली आणि फुंकर मारली. उजेड लागला तिथली वीज गेली, भुकटी उडाली. अक्षरांच्या सावलीत मात्र ती चिकटून राहिली. मेणकागदावर दाबून उचलली, की झाली पहिली झेरॉक्स! अर्थात हे नाव नंतरचं. ग्रीकमध्ये झेरोस म्हणजे कोरडं. त्यावरून झेरोग्राफी, त्यावरून झेरॉक्स. १९५९ साली त्या कंपनीचं ९१४ नावाचं यंत्र आलं. आत कागद पेट घ्यायचे म्हणून त्याच्यासोबत आग विझवायचं छोटं नळकांडं देत असत. दहाएक वर्षांनी त्याच कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदरला सुचलं की काचेवरच्या कागदाचा उजेड कशाला हवा, लेझरने सरळ ड्रमवरच, म्हणजे ज्या फिरत्या नळकांड्यावर वीज बसवून पूड चिकटवतात त्यावरच, लिहू. तिथून लेझर प्रिंटर. १९८४ मध्ये एचपीचा पहिला लेझरजेट आला तेव्हा मिनिटाला आठ पानं काढायचा आणि किंमत होती ३,४९५ डॉलर.

सकाळी चहाबरोबर हे सगळं मी बायकोला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती.

"बरं. पण झेरॉक्स निघते ना?"

"अगं, तेच तर सांगतोय. त्याच तत्त्वावर चालतो तो!"

मग एक्सेल उघडलं. किंमत, टोनरची किंमत, टोनरमध्ये पानं किती, पानामागे पैसे किती, पाठपोट आपोआप की हाताने, वायफाय, वॉरंटी, वजन. शेवटी सतरा रकाने झाले. त्यातला 'पानं किती' हा रकाना सगळ्यात लबाड. कंपनी म्हणते दीड हजार पानं. पण हे मोजायचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात पान जेमतेम पाच टक्के काळं धरतात. पाच टक्के म्हणजे चार ओळींचं सभ्य पत्र. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आमच्या नोटिशीतलं नुसतं 'सक्त ताकीद' पाच टक्के भरतं. त्यात नव्या प्रिंटरच्या पेटीत जो टोनर येतो तो पुष्कळदा अर्धपोटी असतो, कुठे सातशे पानांचा तर कुठे त्याच्या जरा वर. शिवाय काही टोनरांना आता चिप असते. बाहेरून भरून आणलेला टोनर बसवला की यंत्र ओळख दाखवत नाही.

वर्षाचा हिशेबही केला. तीस मुलं, दोन बाजू, चाळीस रविवार, म्हणजे २,४०० बाजू. काकांच्या दराने ४,८०० रुपये. समोर प्रिंटर साडेतेरा हजार, वर टोनर, वर कागद, वर वीज. त्याच पैशांत काकांकडे जात राहिलो तर तीन वर्षं निघतील, असं उत्तर आलं. हा हिशेब मी वेगळ्या शीटवर केला होता. ते शीट लपवून टाकलं.

मेहुणा हिंजवडीला असतो, त्यामुळे यंत्रांबद्दल आमच्याकडे त्याचा शब्द चालतो. बायकोच्या भावाने ब्रदर कंपनीचाच प्रिंटर सुचवावा हे ओघानेच आलं. "दाजी, त्यात टोनर वेगळा, ड्रम वेगळा. टोनर अडीच-तीन हजार पानांत संपतो, ड्रम बारा हजारांपर्यंत जातो. जो संपेल तो बदलायचा." एचपी आणि कॅननच्या घरगुती यंत्रांत पुष्कळदा हे दोघं एकाच कार्ट्रिजमध्ये एकत्र नांदतात. त्यात टोनर संपला की धडधाकट ड्रमलाही घराबाहेर पडावं लागतं. मात्र दर वेळी नवा ड्रम मिळत असल्याने छपाई झकास. एकत्र की विभक्त, या वादात आमच्या दोन शनिवार-रविवारांची वाट लागली. आईने एकत्रच्या बाजूने मत दिलं. तिला प्रश्न नीट कळला होता असं वाटत नाही.

शेवटी काकांकडेच गेलो. गिऱ्हाईक जाणार हे दिसत असून माणसाने मन लावून सल्ला दिला. त्यांच्या टेबलाखाली कॅननचा २९०० प्रिंटर आहे. रंग मुळात कुठला होता ते आता सांगता येणार नाही. "अकरा वर्षं झाली. वायफाय नाही, पाठपोटला कागद हाताने उलटायचा. पण बारा ए कुठलाही पोरगा भरून देतो." बारा ए हे खरं म्हणजे एचपीच्या कार्ट्रिजचं नाव, पण एचपीच्या १०२० प्रिंटरच्या आतलं यंत्रही कॅननचंच असल्यामुळे भरणारी पोरं दोघांना एकाच नावाने हाक मारतात. "कंपनी बघू नका साहेब," काका म्हणाले. "गल्लीत भरून मिळतंय का ते बघा. आणि पावसाळ्यात रीम उघडी टाकू नका, कागद दमट झाला की वळतो आणि अडकतो." मग जरा थांबून म्हणाले, "वहिनींना काय हवंय ते विचारलंत ना?"

"तिची एकच अट आहे," मी म्हटलं. "पूर्ण होतेय."

टिळक रस्त्यावरच्या दुकानदारानेही जवळपास तेच विचारलं. "सिंगल देऊ की ऑल-इन-वन? साडेतीन हजारांचा फरक आहे."

"ऑल म्हणजे काय काय?"

"वर काच येते. स्कॅन, कॉपी."

काचेचे साडेतीन हजार! मी हसलो. स्कॅन हल्ली मोबाईलवर होतं, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पोऱ्याला सांगितलं, "साहेबांना सिंगल काढ रे."

सात किलोचं ते खोकं मी तीन जिने चढवलं. आमच्या लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस याच प्रिंटरवर निघायची होती. पेटीतून काढलं तर अंगभर नारिंगी चिकटपट्ट्या. सोळा काढल्या. सतरावी आत होती, हे पहिल्या घरघरीनंतर कळलं. माहितीपुस्तकात यूपीएसला जोडू नका असं बजावलेलं होतं. पूड कागदावर वितळवायला आतला रूळ दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि तापताना वीज एकदम ओढतो. खरंच ओढतो. प्रिंट दिली की हॉलमधली ट्यूब क्षणभर डोळा मारते, आणि देवापुढे बसलेली आई जप न थांबवता म्हणते, "लागला छापायला."

पहिलं पान आलं ते तव्यावरून काढलेल्या फुलक्यासारखं गरम. आईने हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि गुडघ्याला लावलं. "अजून दोन काढ," म्हणाली.

आठवडा मजेत गेला. लिफ्टची नोटीस निघाली. पाण्याच्या टाकीची निघाली. जिन्यात चपला ठेवू नयेत ही चार वेगवेगळ्या टायपांत निघाली.

शनिवारी रात्री दहाला बायको फाइल घेऊन आली आणि प्रिंटरसमोर उभी राहिली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मागून पाहिलं. नखाने एक फट उचकटून पाहिली.

"याचं झाकण कुठून उघडतं?"

"कसलं झाकण?"

"काचेचं."

"काच नाहीये याला."

"मग पेपर कुठे ठेवायचा?"

मी पहिल्यांदाच तो पेपर नीट पाहिला. फूलस्केपवर निळ्या-काळ्या पेनाने, तिच्या सुवाच्य अक्षरात, हाताने लिहिलेला. पट्टी-कंपासने काढलेले सहा त्रिकोण, दोन वर्तुळं, एक स्पर्शिका. बावीस वर्षं ती असेच पेपर काढतेय. ते काचेवर ठेवते आणि तिच्या झेरॉक्स काढते. झेरॉक्स म्हणजे झेरॉक्स. वीस वर्षांत या एकाच वाक्याला भाषांतर लागत नव्हतं.

"मी तीनदा विचारलं तुला," ती म्हणाली.

कार्लसनचा संधिवात मला तोंडपाठ होता.

"मोबाईलवर होतं," मी म्हटलं. आवाज माझाच होता.

पेपर डायनिंग टेबलावर पसरला. दमट हवेने त्याचं टोक वळत होतं, ते डाव्या हाताने दाबून धरलं. ट्यूब नेमकी डोक्यामागे, त्यामुळे पहिल्या फोटोत वर्तुळाच्या मध्यावर माझं डोकं आलं. खुर्चीवर चढून काढला तर कान तेवढे राहिले. साडेअकराला बायको झोपायला गेली. बाराला एक बरा फोटो मिळाला आणि मी तीस प्रती सोडल्या. ट्यूबने डोळा मारला. पानं आली, गरमागरम, आणि राखाडी. पांढरा कागद फोटोत राखाडी दिसतो आणि प्रिंटर बिचारा तो राखाडी इमानाने छापतो. पाच टक्क्यांचं ते मानक मला आठवलं. इथे माझ्या सावलीनेच चाळीस टक्के भरले होते. विसाव्या प्रतीपासून मी मोजणं सोडून दिलं.

सकाळी काकांकडे जायचं धाडस झालं नाही. तेच पेपर वाटले गेले. मी स्वयंपाकघरात चहा गाळत दाराआडून ऐकत होतो. दहा मिनिटं शांतता. मग एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, तिसऱ्या प्रश्नात कोन क्यू दिसत नाहीये. तिथे अंगठा आहे."

"अंगठ्याखाली काटकोन आहे," बायको म्हणाली. "धरून चाला."

संध्याकाळी पेपर तपासताना तिने त्या मुलीची उत्तरपत्रिका काही न बोलता माझ्यासमोर सरकवली. पक्ष, साध्य, सिद्धता, सगळं रीतसर. पहिली ओळ होती : 'पक्ष – अंगठ्याखालील कोन = ९०°.' पूर्ण गुण दिले होते.