33,000 चा आकडा, मामाचं दुकान आणि डाळ भरणाऱ्या मावशी

एक मेसेज फिरतोय, तुम्ही दुकानदार असाल किंवा घरात कुणी दुकानदार असेल तर आलाच असणार. वर "डीमार्टचं सिक्रेट!!!", खाली पाच मुद्दे. थोडक्यात असे. एक, दुकान किती कार्यक्षम आहे हे मोजायचा एकच फॉर्म्युला, विक्री भागिले चौरस फूट, डीमार्ट महिन्याला फुटामागे 33,000 करतं, तुमचं त्याच्या खाली असेल तर दुकान फेल. दोन, विक्री भागिले माणसं बघा, माणूस कमी केला की एफिशियन्सी आपोआप वाढते. तीन, 30 दिवसांत जो माल फिरत नाही तो काढून टाका. चार, काउंटरवर रांग म्हणजे यश. पाच, डीमार्टमध्ये तूट, म्हणजे हिशोबापेक्षा कमी भरणारा माल, शून्य, तुमच्याकडे तूट निघत असेल तर नोकर चोर आहे. आणि शेवटी अर्थातच, प्रत्येक मराठी व्यावसायिकापर्यंत पोचवा.

असले मेसेज मला रोज येतात. दहा-बारा दुकानांचं जीएसटी रिटर्न मी भरतो, त्यामुळं सगळे मलाच पाठवतात आणि खाली "खरंय का हे?" मी बघतो आणि सोडून देतो. हा पण सोडला असता. पण हा पोचला सांगलीत गावभागातल्या माझ्या मामाकडं, आणि मामानं तो नुसता वाचला नाही तर अंमलात आणला.

पहिल्या मुद्द्यापासून घेतो कारण सगळं बिघडलं ते तिथनं. रात्री साडेदहाला मामाचा फोन. "अरे, आपलं दुकान बारापट मागं हाय." म्हटलं कशाच्या? तर दुकान बंद करून मामानं फरश्या मोजल्या होत्या. दोन बाय दोनच्या फरश्या, 137 पूर्ण आणि एक अर्धी, म्हणजे 550 चौरस फूट. महिन्याची विक्री 15 लाख. भागाकार केला तर फुटामागे 2,700 आणि वर थोडे. आणि मेसेजात 33,000. मामी मागनं म्हणतीय, जेवण गार झालंय, ह्यांचं आपलं फरश्या मोजणं चाललंय.

आता 33,000 हा आकडा हवेतनं आलेला नाही हे मान्य. एव्हेन्यू सुपरमार्ट्स, म्हणजे डीमार्टची कंपनी, दरवर्षी हा आकडा स्वतःच छापते. 2023-24 ला तो 32,941 रुपये होता. फक्त तो वर्षाचा आहे हो! महिन्याचा नाही! मेसेज लिहिणाऱ्यानं वर्षाचा महिना केला आणि पाच हजार ग्रुपवर सोडून दिला. पडताळा करायला सीए लागत नाही. मार्च 2024 ला त्यांची 365 दुकानं होती आणि विक्रीची जागा साधारण 1 कोटी 51 लाख चौरस फूट. गुणिले 33,000 केलं की 50,000 कोटीच्या आसपास येतं आणि कंपनीची त्या वर्षाची विक्री तेवढीच आहे. हेच महिन्याला धरलं तर वर्षाला 6 लाख कोटी होतील. मामाच्या 550 फुटाला लावलं तर महिन्याला 1 कोटी 81 लाख. गावभागातल्या प्रत्येक घरानं दोन वेळच्या जागी दहा वेळा जेवायचं ठरवलं तरी होणार नाही.

मग मामाचं खरं किती? महिन्याला 15 लाख म्हणजे वर्षाला 1 कोटी 80 लाख, भागिले 550, आले 32,700 आणि वर थोडे. बघा की! मामा डीमार्टच्या मांडीला मांडी लावून बसलाय आणि त्याला रात्रभर झोप नाही.

पण हे सांगितल्यावर मामा एवढा खूश झाला की मला लगेच पाणी ओतावं लागलं. कारण मागची 200 फुटाची खोली, जिथं पोती असतात, ती त्यानं धरलीच नव्हती. ती धरली की आकडा येतो 24,000 वर. कुठली जागा धरायची ह्यावरच आठ-नऊ हजाराचा फरक पडतो. आणि मुळात विक्री म्हणजे नफा नव्हे. उद्या मामानं साबण, मसाले, बिस्किटं सगळं काढून 550 फुटात नुसते तेलाचे डबे लावले आणि ते विकले गेले, तर फुटामागची विक्री जिल्ह्यात एक नंबर होईल, आणि मामा उपाशी मरेल. डब्याची किंमत दोन हजाराच्या वर, सुटतात 35 रुपये. डीमार्टचं पण तेच आहे, शंभर रुपयांच्या विक्रीत सगळं जाऊन त्यांना साधारण पाच रुपये राहतात, आणि त्यांच्या विक्रीत कपडे, भांडी, बादल्या असल्या जिनसा बावीस-तेवीस टक्के असतात, ज्यावर किराण्यापेक्षा जास्त सुटतं. वर बरीचशी दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत, भाडं नाही. मामा दर पाच तारखेला भाडं देतो. दोन्हीकडं 33,000 लिहिलं म्हणून दोन्ही दुकानं सारखी होत नाहीत.

आता दुसरा मुद्दा. ह्याच्यासाठीच मी लिहायला बसलोय.

मामाकडं सहा माणसं. मामा, मामी, त्यांचा मुलगा, दोन पोरं आणि एक मावशी. मावशी मागच्या खोलीत बसून सुटा माल भरायच्या. तूरडाळ, हरभराडाळ, पोहे, रवा, साखर, शेंगदाणे, निवडून, चाळून, अर्धा किलो, किलो, पिशवी मेणबत्तीवर चिकटवायची नाही तर सीलरवर. अकरा वर्षं. हात असा बसलेला की काट्याकडं बघायच्या सुद्धा नाहीत, माप टाकलं की काटा हजारावर थांबायचा. मेसेजात "विक्री भागिले माणसं" वाचून मामानं हिशोब केला, 15 लाख भागिले सहा म्हणजे अडीच लाख. काउंटरवरची पोरं दिसतात, मावशी दिसत नाहीत. म्हणून मावशींना सांगितलं, पुढच्या महिन्यापासनं येऊ नका. पगार 9,500.

मी विचारलं, मामा, डाळ कोण भरणार? म्हणाले, "पोरं भरतील की मोकळ्या वेळात." मोकळा वेळ! संध्याकाळी सहा ते नऊ त्या दुकानात पाय ठेवायला जागा नसती.

पुढं काय झालं ते मी डोळ्यानं बघितलंय. एका संध्याकाळी गेलो तर तूरडाळीचा कप्पा रिकामा, मागं पोतं भरलेलं. बाई विचारतीय तूरडाळ आहे का, पोरगं म्हणतंय आहे, थांबा भरून देतो, ते आत गेलं की काउंटरवर बिल थांबलं, मागचे चौघं कुरकुरायला लागले, त्यातला एक पिशवी तिथंच ठेवून गेला. माल दुकानात आहे, गिऱ्हाईक दुकानात आहे, आणि विक्री नाही. ज्येष्ठात 15 लाख झालेली विक्री श्रावणात साडेतेरा झाली, आणि श्रावणात खरं तर वाढायला पाहिजे, उपवास, पुरण, सत्यनारायण सगळं असतंय.

आणि आता गंमत बघा. साडेतेरा लाख भागिले पाच माणसं म्हणजे 2 लाख 70 हजार. माणशी विक्री अडीच लाखावरनं वाढली! मेसेजच्या फॉर्म्युल्यानं दुकान आठ टक्के सुधारलं. प्रत्यक्षात दीड लाखाची विक्री गेली, ती बरीचशी सुट्या मालाची, ज्यावर मामाला बारा टक्के तरी सुटतात, म्हणजे 18,000 गेले आणि 9,500 वाचले. शिवाय डाळीला दुसऱ्या दुकानात गेलेली बाई साबण आणि चहापत्ती पण तिथनंच घेणार, ते वेगळं.

बरं, ज्या डीमार्टचं नाव घेऊन हे सांगितलं ते काय करतं? त्यांनी डाळ, मसाले, सुकामेवा पॅक करायला अख्खी वेगळी कंपनी काढलीय, अलाईन रिटेल ट्रेड्स नावाची, त्यांच्याच मालकीची. त्यांच्या वार्षिक अहवालात नाव आणि धंदा दोन्ही लिहिलंय. म्हणजे मावशी जे काम मागच्या खोलीत करत होत्या त्या कामासाठी त्यांनी कंपनी ठेवली, आणि त्यांचं नाव वापरून इथं मावशींना घरी पाठवलं! मेसेज लिहिणाऱ्यानं तो अहवाल एकदा तरी उघडला असेल का, मला नाही वाटत.

माणशी विक्री हे माप टाकाऊ आहे असं नाही. पण ते माणसांवर न मोजता कामाच्या तासांवर मोजतात, आणि सोबत कप्पा किती वेळा रिकामा राहिला हेही बघतात. खाली कमी माणसं घातली की अपूर्णांक वाढतो, हे चौथीच्या पोरालाही येतं. त्यात शहाणपण काय?

तिसरा मुद्दा, 30 दिवसांत न फिरणारा माल. इथं मला नाइलाजानं अर्धं मान्य करावं लागतंय. माल फिरला पाहिजे हे खरंच आहे, आणि मामाकडं 2021 ची रांगोळीची पाकिटं अजून आहेत, मी पाहिलीत. डीमार्टचा साठा सरासरी महिन्याभराचा असतो हे पण बरोबर. पण सरासरी! दूध-ब्रेड दोन दिवसांत जातं आणि स्टीलचा डबा तीन महिने बसतो, तेव्हा महिना येतो. मामा निघाला होता खडा मसाला आणि ब्याडगी मिरची गणपती पेठेत पडेल भावानं परत द्यायला. तेवढं मी अडवलं. आपल्याकडं वर्षाचं तिखट होळीनंतर करतात, त्या दीड महिन्यात दुकानासमोर मिरचीची पोती लागतात आणि सगळा रस्ता खोकतो. ज्या बाईला मामाकडं मिरची मिळाली ती धणे, खोबरं, दगडफूल, तीळ सगळी यादी तिथंच देते. ह्याला 30 दिवसांची फूटपट्टी लावून काय मोजणार तुम्ही?

एक रुपया मालात अडकवला तर वर्षाला किती पैसे सुटले, हे त्यापेक्षा बरं माप आहे, इंग्रजीत जीएमआरओआय म्हणतात, पण नाव सोडा. तेलाच्या डब्याला रुपयामागे पावणेदोन पैसेही सुटत नाहीत, पण पाच दिवसांत जातो, वर्षात सत्तरवेळा फिरतो, झाले रुपयाला 1 रुपया 20 पैशाच्या आसपास. मसाल्याला अठरा पैसे सुटतात पण चारच वेळा फिरतो, 72 पैसे. ह्या काट्यावर तेल जिंकलं, मार्जिनच्या काट्यावर मसाला जिंकतो, आणि जागेचा हिशोब धरला की तिसरंच काहीतरी.

म्हणूनच तर ज्यांचं हे काम आहे ते एका भागाकारावर थांबत नाहीत. 1978 ला चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स ह्या तिघांनी एक पद्धत मांडली, डेटा एन्व्हलपमेंट अनॅलिसिस. मुळात अमेरिकेतल्या शाळांच्या एका कार्यक्रमाच्या तुलनेतनं आलेली, नंतर बँकांच्या शाखा, दवाखाने, सुपरमार्केटची दुकानं सगळीकडं वापरली. त्यात जागा, माणसांचे तास, साठा, खर्च हे सगळं एका बाजूला आणि विक्री, नफा, गिऱ्हाईकं दुसऱ्या बाजूला, आणि तुलना कुणाशी तर त्याच जातीच्या दुसऱ्या दुकानांशी. साखळीतल्या दुकानाची साखळीतल्या दुकानाशी, गावभागातल्या किराण्याची खणभागातल्या किराण्याशी. मामानं हे गणित करावं असं मी म्हणत नाही, मला पण कॉम्प्युटरशिवाय जमणार नाही. पण तुलना कुणाशी करायची एवढं तरी घ्या त्यातनं. स्वतःच्याच गेल्या वर्षाशी करतानासुद्धा जपून, नाहीतर ऑगस्ट 2019 च्या महापुरात दुकानात पाणी होतं, त्याच्याशी पुढचा ऑगस्ट ताडून बघितला तर लॉकडाऊनमध्ये सुद्धा दुकान "दुप्पट" झालेलं दिसतंय.

चौथा, रांग म्हणजे यश. ह्यावर वेळ घालवत नाही. रांग म्हणजे बिल करणारा कमी पडतोय, बास. यश मोजायचंय तर रांगेतनं पिशवी ठेवून किती गेले ते मोजा.

पाचवा मुद्दा मात्र चीड आणणारा आहे. तूट निघाली की नोकर चोर. जगात कुठल्याच दुकानात तूट शून्य नसते, डीमार्टमध्ये पण नाही. गूळ आणि मिरची सुकते, त्याला घट म्हणतात आणि आपल्या आज्यापासनं लोकांना ती माहीत आहे. पोतं फाटतं, उंदीर असतात, गाडीतनं माल कमी उतरतो आणि चलनावर सही होऊन जाते, बिलात एकाच्या जागी दुसरा कोड पडतो. चोरी पण असते, नाही कोण म्हणतंय? पण आधी काटा तपासा, चलनं तपासा, मग माणसाकडं बघा. मावशींना काढताना मामाच्या मनात हा पाचवा मुद्दा पण होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं, खाली मान घालून. साखरेची तूट निघत होती म्हणे, महिन्याला चार-पाच किलो.

गेल्या आठवड्यात मामा मावशींच्या घरी जाऊन आला. त्या हरभट रोडला एका दुकानात लागल्यात, हजार रुपये जास्त मिळतात, येणार नाही म्हणाल्या. त्यामुळं सध्या रात्री शटर अर्धं ओढून मामा स्वतः भरतोय, शेजारी मोबाईलवर बातम्या लावून. परवा आमच्या घरी त्याच्याकडनंच साखर आली. आईनं सहज काट्यावर ठेवली तर 1 किलो 40 ग्रॅम. दुसरी पिशवी ठेवली, 1 किलो 35.