वजन कमी करण्याचे इंजेक्शन: सुरू करण्याआधीच थांबवण्याचा विचार व्हावा

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांविषयी कोणी विचारले नाही, असा आठवडा आता जात नाही. मी दादरला फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, कंबर किंवा टाच दुखते म्हणून आलेल्या माणसांचे बोलणे हळूहळू सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड या इंजेक्शनांकडे वळते. ही औषधे लिहून देणे माझ्या अधिकारात नाही. परंतु ती घेणाऱ्यांची चाल, बसणे-उठणे आणि पायांतली ताकद मी जवळून पाहते आणि त्यावरून माझे मत पक्के झाले आहे. हे औषध किती काळ घ्यायचे आणि ते थांबले की पुढे काय करायचे, याचे उत्तर पहिल्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांकडेही असले पाहिजे.

आधी फायद्यांविषयी मोकळेपणाने लिहिते, कारण ही औषधे घेणाऱ्यांना आळशी म्हणून हिणवणे मला अतिशय अन्यायकारक वाटते. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. ही औषधे त्याचेच काम दीर्घकाळ करतात, म्हणजे पोट सावकाश रिकामे होते आणि मेंदूला तृप्तीचा संदेश मिळत राहतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, तर औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे केवळ २.४ टक्क्यांनी. आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही गटांना होते. म्हणजे वर्षानुवर्षे ‘जरा तोंडावर ताबा ठेव’ असे ऐकत आलेल्या माणसाच्या शरीरातच भुकेची यंत्रणा वेगळी वागत असते, हे आपण आता मान्य करायला हवे.

माझ्या कामाच्या दृष्टीने २०२४ ची गुडघ्यांवरील चाचणी सर्वांत महत्त्वाची. स्थूलता आणि गुडघ्यांची झीज असे दोन्ही त्रास असलेल्या ४०७ जणांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांची वेदना इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक कमी झाली. लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि रोज रेल्वेचा पूल चढून लोकल गाठणाऱ्या पन्नाशीच्या बाईसाठी याचा अर्थ नोकरी टिकणे असा असू शकतो. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जाड व्यक्तींच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी कमी आढळला. १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन आणि २०१० च्या सुमारास सिब्युट्रामिन ही वजनाचीच औषधे हृदयाला अपाय करतात म्हणून बाजारातून काढून घ्यावी लागली होती. तो इतिहास माहीत असलेल्यांना या निष्कर्षाचे मोल अधिक कळेल.

आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे. पुण्याचे मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण जास्त आणि स्नायूंचे कमी असू शकते. चरबी पोटाभोवती साठते, म्हणूनच भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची मर्यादा धरली जाते. मुळात स्नायूंची शिल्लक कमी असलेल्या अशा शरीराचे वजन झपाट्याने उतरले, तर नेमके काय उतरले हे पाहणे भाग आहे. वर उल्लेखलेल्या २०२१ च्या चाचणीत काही जणांची शरीररचना मोजली गेली, तेव्हा घटलेल्या वजनापैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग चरबीचा नव्हता. तो सगळाच स्नायूंचा असतो असे नाही, पण त्यात स्नायूही असतात.

मला सर्वाधिक काळजी याचीच वाटते. भूक मेली की माणूस दोन घास खाऊन उठतो, आणि आपल्या ताटात ते दोन घास बहुधा पोळी-भाजीचे किंवा वरण-भाताचे असतात. उसळ, अंडे, मासे, पनीर तसेच राहून जाते. वजनकाट्यावर आकडा उतरतो, कौतुक होते, आणि काही महिन्यांनी तीच व्यक्ती हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू शकत नाही, हे मी पाहिले आहे. साठीच्या पुढच्या माणसाला त्यातून पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका संभवतो. म्हणून औषधाच्या चिठ्ठीसोबतच रोजच्या प्रथिनांचा हिशेब आणि आठवड्यातून किमान दोन दिवस वजन किंवा रबरी पट्टा वापरून करायचे ताकदीचे व्यायाम लिहून मिळाले पाहिजेत. नुसते चालणे पुरत नाही.

मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे त्रास बऱ्याच जणांना होतात आणि डोस हळूहळू वाढवला तर बहुतेकदा निभावतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, आणि पोटातली सतत तीव्र कळ पाठीकडे जात असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ही औषधे घेऊ नयेत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना इंजेक्शनविषयी आधी सांगावे, कारण पोट सावकाश रिकामे होत असते. तरुण मुलींना तर फारच कमी सांगितले जाते असे माझे निरीक्षण आहे: गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते, आणि टिर्झेपटाइड सुरू करताना व डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो.

आता थांबवण्याविषयी. २०२१ च्या त्याच चाचणीतील काही जणांचा औषध बंद केल्यानंतर वर्षभर मागोवा घेण्यात आला, तेव्हा उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला होता. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब वाढतो, तसेच हे आहे. मग लग्नाला चार महिने राहिले म्हणून सहा-सात किलो उतरवण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनांतून काय साधते? परत येताना चरबी सहज येते, गेलेला स्नायू मात्र व्यायामाशिवाय येत नाही. अशा निरोगी मुलामुलींनी हे औषध घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यासाठी दबाव टाकणाऱ्या घरच्यांशी मी वादही घालते.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड भारतात आले तेव्हा सुरुवातीच्या डोसचा महिन्याचा खर्च सुमारे १४ हजार रुपये होता. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत संपली आणि स्वस्त पर्यायांचा मार्ग मोकळा झाला. खरी गरज असलेल्या सामान्य घरांसाठी मला याचा मनापासून आनंद आहे. परंतु औषध स्वस्त झाले की चिठ्ठीशिवाय विकणारे मेडिकलवाले आणि वजन घटवून देण्याचे पॅकेज विकणारी केंद्रेही पुढे सरसावतात. स्थूलतेवरील औषधांची लोकांसाठी जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तरीही अशी जाहिरात तुमच्या मोबाइलवर आली, तर ती अन्न व औषध प्रशासनाला कळवा. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा कमरेचा घेर, साखर, घरातील आजार आणि सध्या चालू असलेल्या गोळ्या यांची माहिती कागदावर लिहून न्या, आणि त्याच कागदावर ‘किती काळ घ्यायचे आणि थांबवायचे झाल्यास कसे’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडून लिहून घ्या.